दोन खुणा

शिरूर,
दि. ६ ऑक्टोबर २००२

ती. साखरआत्या,

पायांवर डोकं ठेवते. तू पाय मागे घेशील हे माहीत आहे, तरी ठेवते.

इकडे माझं बरं चाललं आहे. कॉलेजात तासावर शिकवते, खोलीची मालकीण बोलायला फटकळ पण मनानं बरी आहे, नळाला पाणी एक दिवसाआड येतं. कासुर्डीला बाजरी काढून झाली असेल. उद्या घट बसतील, तेव्हा तू दरवर्षीसारखे नऊ दिवस चपला घालणार नाहीस आणि टाचेत काटे मोडून घेशील. विक्रमला सांगून ठेवते, काटा काढायला बसताना चष्मा लावत जा.

विक्रम, भाऊराया, हे पत्र तूच आत्याला वाचून दाखवणार. मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस. शाळेत धड्यात अवघड वाक्य आलं की तू खोकायचास आणि खालच्या ओळीवर जायचास. या पत्रात खोकायचं नाही.

आत्या, आधी कामाचं. सत्तावीस तारखेला, रविवारी सकाळी दहा वाजता, तू दौंडला ये. रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये. गेली तीन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. मी दिवाळीला घरी आले की तू मेंढरं घेऊन डोंगराच्या अंगाला जातेस, दुकानातल्या फोनवर बोलावलं तर ‘हात राडीत हायेत’ म्हणून सांगतेस. बोलू नकोस. पण ये. मी एक मोठी गोष्ट जिंकले आहे, आणि तुला सांगितल्याशिवाय मला ती गोड लागत नाही.

झालं असं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत मिसेस डिक्रूझ म्हणून एक म्हातारी राहते. वय ब्याऐंशी, आवाज मात्र इंजिनाच्या शिट्टीसारखा. तिचा नवरा गार्ड होता. नवऱ्याचा आजा शंभर वर्षांपूर्वी पलटणीबरोबर चीनला गेला होता आणि येताना त्यानं रेशमावर रंगवलेली देवांची चित्रं आणली. दोन चित्रं म्हातारीच्या बैठकीत साठ वर्षं टांगलेली आहेत. आता ती पुण्याच्या एका संग्रहाला देऊन टाकायची आहेत. पण तिची अट आहे, "पहले मेरे दौंडवाले देखेंगे!" म्हणून सत्तावीसला हॉलमध्ये हे प्रदर्शन. चित्रं कोणत्या देवांची ते ठरवायला पुण्याहून सबनीस सर आले. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. मला नेलं होतं फक्त पाट्या लिहायला, अक्षर बरं आहे म्हणून.

चीनमधल्या बौद्ध देवांचं आपल्यासारखंच आहे बघ. घोडा आणि सोबत कुत्रा दिसला की तू लांबूनच खंडोबाला हात जोडतेस. तसा तिकडे सिंहावर बसलेला असतो तो मंजुश्री, हत्तीवरचा तो समंतभद्र. संन्याशासारखं डोकं भादरलेलं आणि हातात कड्यांची काठी, तो क्षितिगर्भ. तोंडावरून ओळखायला जाशील तर फसशील. सगळ्यांचं तोंड तेच, गोल, भरल्या गालांचं, डोळे अर्धे मिटलेले.

म्हातारीच्या घरातली दोन चित्रं तर जुळ्या बहिणींची वाटावीत. तेच दागिने, तोच शेला, दोघी कमळावर उभ्या. एकीच्या हातात पाण्याची झारी आणि वाळुंजाच्या झाडाची डहाळी. ही क्वान-यिन, म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर. तिकडे जाऊन तो बाईसारखा दिसायला लागला. दुसरीच्या हातात लांब देठाचं कमळ. सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हीसुद्धा क्वान-यिनच. हातात कमळ म्हणजे पद्मपाणी. अजिंठ्यात नाही का पाहिलंस? लिही पाटी."

मी पेन उघडलं. टोपण परत लावलं.

आत्या, तुला पाबळजवळचा तो तळ आठवतो? मी नऊ वर्षांची असेन. संध्याकाळी मेंढरं मोजताना मी एक कोकरू उचलून आणलं होतं, आपलंच म्हणून. आपल्या मेंढरांच्या डाव्या कानाचं टोक छाटलेलं असतं, आणि त्याच्याही कानाला टोक नव्हतं. मला केवढा अभिमान! तू त्याला उलटंसुलटं केलंस, उजवी मांडी पाहिलीस. तिथं आपली डागणी नव्हती. कान कुत्र्यानं फाडलेला होता. ते हरिबाच्या कळपातलं निघालं. तू कोकरू माझ्याच खांद्यावर दिलंस, त्याच्या तळापर्यंत चालायला लावलंस आणि दहा माणसांपुढं ‘चुकलं’ म्हणायला लावलंस. परत येताना मी रडत होते. तू म्हणालीस, "तोंड काय बघती? तोंडं समद्यांची सारखीच. खूण बघ. आन् एका खुणेवर कवा बी आपलं म्हणू नगं. दुसरी गावली तरच हात लाव."

तर मी दुसरी खूण शोधायला लागले.

म्हातारीचं घर लोकोशेडच्या जवळ. कोळशाच्या इंजिनांची वर्षानुवर्षांची काजळी त्या चित्रांवर बसलेली. मी स्टुलावर चढले, बॅटरी आणि भिंग घेतलं आणि मुकुट पाहिले. झारीवालीच्या मुकुटात करंगळीच्या नखाएवढा बुद्ध मांडी घालून बसलेला. बरोबर, क्वान-यिनच्या मुकुटात तो असतोच. मग कमळवालीच्या मुकुटावर उजेड धरला. बुद्ध नव्हता. तिथं एक इवलासा घट होता! आत्या, अंगावर काटा आला. मुकुटात घट म्हणजे क्वान-यिन नाहीच, वेगळाच देव. नाव लांब आहे, विक्रम, दम घेऊन वाच: महास्थामप्राप्त.

सर खालून म्हणाले, "काजळीचा डाग असेल. नजर तयार व्हायला वीस वर्षं लागतात, बाई." मला राग आला. तुला माहीत आहे माझा राग, तुझ्याकडूनच आलेला आहे. मी म्हटलं, "डाग असेल तर ही खूण धरू नका सर. दुसरी दाखवते." आणि विचारलंसुद्धा नाही, दोन्ही चित्रं खिळ्यांवरून काढली, जागा बदलून परत टांगली. साठ वर्षं ती दोघं एकमेकांकडे पाठ करून उभी होती. जागा बदलल्याबरोबर दोघांची तोंडं आत वळली. दोघं बघत होती ती मधल्या उघड्या भिंतीकडे.

"हे कुणाच्या तरी दोन बाजूंना उभे आहेत," मी म्हटलं. "मध्ये अमिताभ बुद्ध पाहिजे. त्याच्या डाव्या हाताला क्वान-यिन, उजव्या हाताला हा. तिसरं चित्र असणार सर. उभा बुद्ध, उजवा हात खाली सोडलेला, तळवा आपल्याकडे उघडा. मरणाऱ्याला न्यायला आलेला."

सर हसले. हसू वाईट नव्हतं, पण हसले. "असणार म्हणून कसं चालेल? कुठं आहे?"

तेवढ्यात म्हातारी खुर्चीतून उठली. "वो? वो तो ट्रंक में है!" तिनं आम्हाला सांगितलंच नव्हतं, कारण त्याचा खालचा भाग वाळवीनं खाल्ला होता आणि पाहुण्यांना असलं काय दाखवायचं. मेणकापडाची गुंडाळी निघाली. सरांनी एक टोक धरलं, मी दुसरं. हळूहळू उलगडत गेलो. आधी डोकं, मग खांदे, मग छातीजवळच्या डाव्या हातात कमळ. आणि मग उजवा हात. खाली सोडलेला. तळवा उघडा.

मी ओरडलेच गं! म्हातारीनं माझे दोन्ही गाल ओढले.  सरांनी आपल्या टिपणवहीतलं ‘दोन्ही क्वान-यिन’ लिहिलेलं पान टराटरा फाडलं आणि म्हणाले, "वीस वर्षांचं मी मागे घेतो. हरलो." त्यांच्याबद्दल मला आता आदर आहे. दहा जणांपुढं ‘चुकलं’ म्हणायला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

इथं पत्र संपवता आलं असतं. मनात तसंच होतं.

म्हातारीनं चहा केला. सरांनी विचारलं, "एका खुणेवर थांबायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही." आणि आत्या, माझ्या तोंडून पटकन निघालं, "पुस्तकात वाचलं."

विक्रम, इथं थांबू नकोस. पुढचं तुलाही माहीत नाही. वाच.

तीन वर्षांपूर्वी पुण्याला माझ्या बक्षीस समारंभाला आत्या आली होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, फडक्यात तिळाची चटणी आणि भाकरी. दारात उभी राहून मला शोधत होती. बाबांशी भांडून जिनं मला कॉलेजात घातलं, ती. मैत्रिणीनं विचारलं, "ही कोण गं?" मी म्हणाले, "गावाकडची बाई आहे. आमच्याकडं मेंढरं वळते." आत्या दोन हातांवर होती. तिनं ऐकलं. फडकं पायरीवर ठेवलं आणि गेली. घरी कुणाला काही सांगितलं नाही. माझी लाज तिनं झाकली आणि सगळे तिलाच हेकट म्हणत राहिले. तूसुद्धा म्हणालास, विक्रम.

काजळीखालचा नखाएवढा घट मला दिसला. आणि पायापासून डोक्यापर्यंत सगळ्या खुणा घेऊन दारात उभं राहिलेलं माझं माणूस मी ओळखलं नाही असं दाखवलं.

त्या दिवशी म्हातारीकडे मी चहाचा कप खाली ठेवला आणि उभी राहिले. म्हटलं, "सर, खोटं बोलले. पुस्तकात नाही वाचलं. माझ्या आत्यानं शिकवलं. साखरबाई तिचं नाव. कासुर्डीची. मेंढरं राखते. तिला लिहितावाचता येत नाही, आणि दोनशे मेंढरांत तिचं एकही कधी चुकलं नाही."  सर म्हणाले, "मग पाटीवर त्यांचंही नाव घाल. चित्रांवरचा पडदा त्यांच्याच हातानं उघडू." म्हातारी म्हणाली, "बुलाओ उसको! बोलो, कंबल लेके आना."

पाटी मी लिहिली आहे. खाली ओळ आहे: ‘ओळख पटवली तेजश्रीनं. ओळखायला शिकवलं साखरबाईंनी.’ तू आली नाहीस तरी ती ओळ राहील. पण ये. यवतवरून सकाळची पॅसेंजर आहे. मी स्टेशनवर उभी राहते, नाहीतर तू सांगशील तिथं.

चुकलं आत्या. तू कोकरासारखं खांद्यावर दिलं नाहीस, तरी मी तीन वर्षं वाहते आहे.

तुझीच, आणि आता चारचौघांत तुझीच,
तेजश्री

*

कासुर्डी,
खंडेनवमी, दि. १४ ऑक्टोबर २००२

तेजश्री,

पत्र वाचलं. खोकलो नाही. दोनदा थांबलो, ते पाणी प्यायला. मी आत्याला हेकट म्हणालो होतो त्याबद्दल माझं मी तिच्याजवळ बोललो आहे. आता पुढचं आत्या सांगते आहे, मी नुसता लिहितो. शब्द तिचेच.

"तेजे, पत्र आयकलं. परत वाचाय लावलं. तो घटाचा भाग तीनदा वाचाय लावला. चांगलं केलंस. खूण बराबर हेरलीस.

त्या दिसाचं म्या कुनाला सांगितलं न्हाई, कारन पोर आपली हाय. पर इसरले बी न्हाई.

सत्तावीसला येते. ठेसनावर येऊ नगं, मला वाट म्हाईत हाय. मी हालच्या दारात हुबी ऱ्हाईन. खांद्यावं घोंगडी आसंल, हातात काठी आसंल. आत म्या आपल्या पायानं यायची न्हाई. समदी मान्सं बसली की तू त्यांच्या म्होरनं चालत ये, हरिबाच्या तळावं गेली व्हतीस तशी, आन् माझं नाव घेऊन आत ने. मंग पडदा उघडीन.

त्या डिक्रूझ म्हातारीला सांग, तीळ कुटून ठिवलेत. चटणी आनते. ह्या बारीला पायरीवं ठिवायची न्हाई.

खाली माझा आंगठा हाय. पर आंगठं समद्यांचं सारखंच दिसत्यात. म्हनून घोंगडीची एक दशी तोडून बाजूला चिकटवाय लावलीया इक्रमला. ह्या दोन खुना.

आता वळख."