पाचवी खाच नोंदीवर घेणेबाबत व कडी जमा न करण्याबाबत

प्रति,
मा. जतन अधिकारी,
वेगळ्या आकाराच्या नोंदींचे जतन केंद्र,
रिसोड, जि. वाशीम.

अर्जदार : देवमन दौलतराव इरतकर, धंदा भाजीपाला, रा. केनवड रस्त्यावरील मळा, रिसोड.

विषय : आमच्या सामायिक विहिरीच्या पाळीची फळी आपल्या केंद्रात कापली गेल्याने नाहीशी झालेली खाच नोंदीवर घेणे, आणि फळीची कडी जमा करण्यास नकार.

संदर्भ : १) आपली पोच दि. ३ मार्च २०२५, ‘फळी एक नग, सुस्थितीत’.
२) आपला दाखला दि. १९ मार्च २०२५, ‘फळी दोन नग, खाचा आठ’.
३) आपले पत्र दि. १५ एप्रिल २०२५, ‘कडी तात्काळ जमा करावी’.

महोदय,

१. आपले अभिलेखपाल श्री. नमन कस्तुरचंद बाकलीवाल यांना या प्रकरणात काय मिळणार होते, ते आधी मांडतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. त्यांना कपाटाचे दार लावायचे होते. मार्चअखेर तपासणी होती, आणि ज्या कक्षाच्या सर्व कपाटांची दारे पूर्ण लागतात त्यालाच उत्कृष्ट कक्षाचे प्रमाणपत्र होते. आमची फळी सव्वातीन फूट. आपले कपाट आतून अडीच फूट. पाऊण फुटाने दार उघडे राहत होते. एवढाच त्यांचा फायदा होता, यापेक्षा जास्त असल्याचा माझा आरोप नाही.

२. फळी काय आहे ते आपल्या दाखल्यावरून कळत नाही, म्हणून सांगतो. विहीर तिघांत आहे : माझा चुलतभाऊ रामकिसन, मी आणि शेजारचा सोमला. नऊ दिवसांचा फेरा. रामकिसनचे चार दिवस, आमचे तीन, सोमलाचे दोन, ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे. दिवसांचा क्रम सरळ नाही, आणि आजोबांच्या काळी विहिरीवर लिहिता येणारे कोणी नव्हते. म्हणून त्यांनी बाभळीच्या फळीच्या वरच्या काठावर नऊ खाचा पाडल्या. रामकिसनच्या घराची सरळ चीर, सोमलाच्या घराचा गोल खळगा, आमची दोन्ही बाजूंनी उतरती खाच. फळीत एक लोखंडी कडी ओवलेली. रोज सकाळी ती एक खाच पुढे सरकवायची. कडी ज्या खाचेत बसली, त्या दिवशी मोटार त्याची.

३. कडी सरकवण्याचे काम माझी आई हौसाबाई गेली एकतीस वर्षे करते. त्यातली शेवटची चौदा वर्षे तिला दिसत नाही, काचबिंदू झाला. तिच्या पाळीत एका दिवसाची चूक नाही, कारण ती फळी बोटाने वाचते. आपल्या केंद्रात डोळे असलेले सहा जण बसतात, याची मी फक्त नोंद घेतो.

४. श्री. नमन स्वतः मळ्यात आले होते. आईला म्हणाले, “आजी, फळी इथं वाळवी खाईल. आमच्याकडं द्या, शंभर वर्षं राहील.” आई म्हणाली, “शंभर वर्षांचं मी काय करू बावा, मले तं उद्या सकाळी लागते.” त्यावर पंधरा दिवसांत परत देतो असे ठरले, आणि कडी आईने काढून घरीच ठेवली. आपल्या केंद्राच्या नावातच ‘वेगळ्या आकाराच्या’ असे शब्द आहेत, त्यांवर मी विश्वास ठेवला. ही चूक माझी, ती मी आपल्या माथी मारत नाही.

५. श्री. नमन यांनी टेप लावून फळी बरोबर मधोमध कापली. मापात सुतभराची चूक नाही. नऊ खाचांच्या मधोमध पाचवी असते आणि पाचवी आमची होती. करवत तिच्यातूनच गेली. उरलेल्या आठ मोजून आपण दाखला दिला : रामकिसनच्या चार, सोमलाच्या दोन, अर्जदाराच्या दोन.

६. दाखला हाती येताच रामकिसनने फेरा आठ दिवसांचा केला. नवात चार दिवस होते, आता आठात चार, म्हणजे अर्धी विहीर त्याची. मी विचारले, काहून रे, पाचवी कोणाची ते तुले माहीत नाही? तर म्हणतो, “दादा, मी कुठं काही म्हणून राह्यलो? सरकारचा शिक्का म्हणून राह्यला.” आम्हाला पूर्वी तिसऱ्या दिवशी पाणी मिळे. आता एका बाजूने चार दिवसांचा खंड पडतो. चैत्रात मेथीला चार दिवस पाणी नाही दिले तर काय होते, हे पाहायला आपण कोणाला पाठवले नाही.

७. सोमला आपल्यासमोर येऊन बोलला : “मी जन्मापासून पाहून राह्यलो सायेब, पाचवी देवमनचीच.” आपण त्याचे म्हणणे लिहून घेतले नाही, कारण तोंडी सांगणे आपल्या नमुन्यातील कोणत्याही रकान्यात बसत नाही. सोमलाने बाहेर येऊन मला विचारले, “इथं जमा काय काय करतेत?” त्याचा प्रश्न मी इथे जमा करतो.

८. दि. २८ मार्च रोजी मी आईला घेऊन आलो. तिने दोन्ही तुकड्यांचे कापलेले काठ बोटाने पाहिले आणि म्हणाली, “इथं वरून उतार हाय. तिकडल्या तुकड्यालेबी हाय. करवत उतार करत नाही, नमन, करवत सरळ जाते. हे माही खाच हाय, अर्धी इकडं अन् अर्धी तिकडं.” तो उतार आपण सर्वांनी पाहिला. आपल्या नोंदवहीत तोवर त्याला ‘काठ झिजलेला’ म्हटले होते. आपण पुढील तारीख ७ एप्रिल दिली. मी समाधानाने घरी गेलो, तेवढे एक समाधान या प्रकरणात माझ्या वाट्याला आले.

९. दि. ७ एप्रिल रोजी दोन्ही काठ घासून गुळगुळीत केलेले होते आणि वर चकचकीत रोगण होते. श्री. नमन यांचा खुलासा असा : लाकडी नोंदीला टोकदार काठ ठेवू नयेत असा नियम आहे, शिवाय “आजींच्या बोटात कुसळ जाऊ नये”. आईने दोन्ही काठांवरून बोट फिरवले, परत फिरवले आणि विचारले, “हे कोनाची फळी हाय?” आपण ‘अर्जदाराच्या मातोश्रींनी नोंद ओळखली नाही’ असे लिहून प्रकरण बंद केले. चौकशी चालू असताना पुरावा घासला जातो आणि त्याला जतन म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

१०. श्री. नमन यांच्या वडिलांच्या, कस्तुरचंद शेठच्या दुकानात मी वीस वर्षे बियाणे घेतो. त्यांच्या आजोबांच्या हिशेबाच्या लांब लाल बह्या तिथे आजही आहेत, हातभर लांब. कपाट सुताराकडून बह्यांच्या मापाने करून घेतलेले आहे. शेठना मी हा प्रकार सांगितला. ते म्हणाले, “घरी असतं तर कापलं नसतं त्यानं.” हे वाक्य मी जसेच्या तसे दाखल करतो. कोणत्या रकान्यात बसवायचे ते आपण पाहावे.

११. आपल्या कक्षाला प्रमाणपत्र मिळाले, अभिनंदन. त्याची चौकट मी भिंतीवर पाहिली. ती कपाटाहून लांब आहे. ती कोणी कापली नाही, भिंतीला दुसरा खिळा मारला.

१२. सबब विनंती की, (क) आठ खाचांचा दाखला रद्द करून नऊ खाचांचा द्यावा. (ख) २८ मार्चला आपण स्वतः पाहिलेला उतार आपल्या सहीने लिहून द्यावा. (ग) फळीचे दोन्ही तुकडे परत करावेत, आम्ही पट्ट्या ठोकून जोडू. (घ) करवतीचा भुसा हाही नोंदीचाच भाग असल्याने तो कोठे जमा केला ते कळवावे. आपल्या शिपायाने तो जनरेटरखाली सांडलेल्या तेलावर टाकल्याचे सांगितले. तसे असल्यास, आमची पाचवी पाळी आपल्या जनरेटरला दिली, असे तरी लिहून मिळावे.

१३. आता कडीबाबत. नोंद पूर्ण करण्यासाठी कडी पाहिजे, असे आपण लिहिता. फळी नाही म्हणून आईने ती बांगडीसारखी हातात घातली आहे. सकाळी विहिरीवर जाऊन बसते, आज कोणाची पाळी ते तोंडाने सांगते, आणि तिचे ऐकायचे की शिक्क्याचे यावरून रामकिसन आणि सोमला भांडतात. परवा सोमलाच्या पाळीला त्या भांडणात मोटार सबंध दिवस बंद राहिली. कडी उतरवून दे म्हटले, तर म्हणाली, “त्याइले सांग, हे अजून चालू हाय.” तरीही आपला आग्रह असल्यास, कडी हातासकट येईल. आणि आपल्या कपाटाचे माप पाहता हात लांब पडेल.

१४. शेवटी कोणाचे काय गेले ते लिहून थांबतो. श्री. नमन यांचे दार लागले. कक्षाला चौकट मिळाली. रामकिसनला अर्धी विहीर मिळाली, पण आज पाळी कोणाची हे त्याला आता रोज भांडून ठरवावे लागते. सोमलाचा एक पूर्ण दिवस गेला, त्याला मुळात दोनच होते. माझे मेथीचे सहा वाफे गेले. आणि जिने एकतीस वर्षांत एक दिवस चुकवला नाही, तिच्या नावापुढे आपल्या दप्तरात ‘नोंद ओळखली नाही’ असे लिहिले गेले. सर्वात जास्त किंमत तिनेच मोजली, आणि तिची सही आपण कुठेच घेतलेली नाही.

आपल्या कपाटात न मावणारा,
देवमन दौलतराव इरतकर

दिनांक : २१ एप्रिल २०२५
ठिकाण : रिसोड

सोबत :
१) पोच व दाखला यांच्या प्रती.
२) वाळलेली मेथी, एक जुडी (आकार वेगळा असल्यास कापू नये).
३) हौसाबाई दौलतराव इरतकर यांचा अंगठा.
४) लोखंडी कडी : जोडलेली नाही.