डोली कुणी झुकवली?

भैजी,

तो देव माझ्या तोंडावर खोटं बोलला. सगळ्या गावादेखत मी विचारलं, "जोतसिंगाशी लग्न करू का?" आणि त्याची डोली मागे झुकली. म्हणजे नाही. आई म्हणाली, "झालं समाधान, सुरमादेवी? आता गप घास काप."

पण डोलीचा मागचा दांडा तुझ्या खांद्यावर होता, भैजी. आणि आदल्याच दिवशी तू म्हणाला होतास, "त्या मेंढक्याच्या घरात माझी बहीण जाणार नाही."

मी देवदारांमधून वर कुरणात जातेय, जोतकडे. धुकं इतकं खाली आलंय की झाडं तरंगत असल्यासारखी दिसतात, आणि त्यांच्यामधून त्याची शीळ थेट आपल्या अंगणात उतरते. मंडव्याच्या पिठाच्या रोट्या चुलीजवळ झाकून ठेवल्यात. काळ्या शेळीला पाला घाल, ती माझ्यावर रुसलीय.

उद्या उजाडलं की आम्ही खिंड ओलांडणार. 'नाही' देवाचं असेल तर त्याचा कोप मी जन्मभर सोसेन, तुझं असेल तर एक दिवसही सोसणार नाही. त्याआधी वर ये आणि माझ्या डोळ्यांत बघून सांग: तुझा खांदा देवाने दाबला, की तूच वाकवलास?