ताईची तपासणी आणि माझं व्रत

२१ एप्रिल, वास्को
धक्क्यावर जहाज लागलंय. नाकातोंडात खनिजाची लाल धूळ. ताईचा फोन. कोंबड्या, उकाडा, सगळं झालं आणि शेवटी हळूच, "दवाखान्यातली सिस्टर परत ओरडली." भावोजी खाणीच्या ट्रकवर होते. गेले, जाताना तिला एचआयव्ही देऊन गेले. गोळ्या नेमाने घेते. पण ह्या आजारात गर्भाशयाच्या तोंडाशी दुसरा एक विषाणू मुक्काम करतो, पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तपासा म्हणतात. दोनदा टाळलंन. "माका काय्येक होणा नाय, दाखवचा कित्याक?"
काही होत नाही तेव्हाच बघायचं असतं गो.

२८ एप्रिल, घर
रजा काढली. मुकादमाचं तोंड वाकडं. शिरगावच्या लईराई देवीचं व्रत धरलं. ताई बरी राहू दे, जत्रेच्या होमातली आग तुडवीन, असं देवीला बोललो होतो. तिला ठाऊक नाही. आता बाकी धोंडांबरोबर, म्हणजे व्रत धरलेल्यांबरोबर राहायचं, आपलं आपण रांधायचं, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही.
तपासणी परवा, म्हापशाला. ताईला निमित्तच मिळालं. "तू सोवळ्यात. माझ्यावांगडा कोण येतलो? जत्रा होव दे, मागीर बघया."
म्हटलं, लांबून चालेन. पण येईन.

३० एप्रिल
बसमध्ये हातातली धोंडाची बेताची काठी बघून, शिवायला नको म्हणून लोक आपणच सरकले. हॉस्पिटलात सगळ्या बायका, मी एकटा कोपऱ्यात उभा. एक म्हातारी म्हणाली, "होम शिरगावाक रे पुता, हंय खंय वाट चुकलंस?" सगळ्या हसल्या. ताईसुद्धा.
बाहेर आली ती भिंत धरून. औषध लावून बघितलं, पांढरा डाग दिसला. नमुना घेतला. हात पुढे केला तर, "शिवू नको! व्रत मोडतला."
धरला हात.

१ मे
पुंडलिककाका आमच्यातले जुने धोंड. त्यांना सांगितलं, शिवलो.
"कोणाक?"
"ताईक."
"कित्याक?"
ते कसं सांगू. काका चूल फुंकत राहिले. मग म्हणाले, "ह्या वर्षी बेत कोपऱ्यात ठेव. देवी खंय पळान जायत नाय."

४ मे
शिरगावात होम पेटला. मी बघ्यांत. शेजारचा बाळू सगळ्यांसमोर, "वास्कोचो धोंड आगीक भियालो रे!" हशा. ताई काहीतरी बोलायला गेली, मी डोळे वटारले. बोलली असती तर तिचा आजार गावभर झाला असता.
घरी म्हणाली, "माझ्यापायी." मी म्हटलं, नवस तुझ्यासाठीच होता.

२६ मे, वास्को
ताईचा फोन. रिपोर्ट आला. विषाणू आहे. डॉक्टरीण म्हणाली, विषाणू म्हणजे कॅन्सर नव्हे. डाग दुर्बिणीतून बघायचा, तुकडा काढून तपासायचा. वेळेत सापडला तर उपाय आहे. तुमच्या आजारात तो लवकर जात नाही, म्हणून परत परत यायचं.
आग तुडवली असती तर? नको तो विचार.
ताईच म्हणाली, "पुढली तारीख मी मागून घेतलंय."

५ जून, घर
उद्या म्हापसा, दुर्बिणीची तपासणी. ताईने वाटेसाठी उंडे पाव आणि भाजी बांधून ठेवलीय. "तू नाय इलंस तरी चलात आता." म्हटलं, येतो. मग दिवा मालवताना, "डॉक्टर काय सांगतीत रे?"
म्हटलं, उद्या कळेल.
ह्या खेपेला व्रत नाही. शेजारीच बसेन.