तुझ्या आजाराचं खरं नाव

प्रिय सुमन,

तू होतीस तोवर तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. लग्नानंतर आपण लांब राहिलो कुठे! पण काल मी जे केलं, ते तुला सांगितल्याशिवाय अंबडला कंपनीत कामावर जाववेना. सुट्टी टाकलीय.

काल महिला मंडळानं आपल्या मुग्धाला तिच्या संशोधनाबद्दल बोलायला सोसायटीच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. किती सोपं बोलली गं! पेशींच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात, त्या जोडणारी-कापणारी एन्झाइम्स असतात. त्यांचं काम बिघडलं, की स्तनातल्या काही गाठींना वाढायला बळ मिळतं, म्हणाली.

"मग चहातली साखर बंद करायची का?" समोरच्या गांगुर्डे वहिनींनी विचारलं.

"नाही काकू, या साखळ्या पेशी स्वतःच विणते. चहातल्या साखरेशी त्याचा थेट संबंध नाही."

माझी मान खाली गेली. साखरेनं गाठ वाढते म्हणून आजारपणात तुझा चहा मीच फिका केला होता ना? "अहो, आज तरी गोड द्या," म्हणायचीस. नाही दिला!

मग कुणीतरी विचारलं, हाच विषय का निवडलास?

"माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर होता."

आणि मी मागच्या खुर्चीवरून उठून सगळ्यांदेखत म्हणालो, "पोटाचा. पोटाचा होता."

का बोललो मी? कंपनीत, शेजारीपाजारी हेच सांगत आलो, म्हणून? वाटायचं, तुझी लाज राखतोय. कसली लाज गं? तुझी, की माझी? घरी येऊन पोर जेवलीसुद्धा नाही.

आज सकाळी गांगुर्डे वहिनी दारात. पदर चुरगाळत होत्या. "भाऊजी, खरं सांगा, ताईंना कुठं होता? मलापण गाठ लागते हाताला. दुखत नाय, म्हणून कोणाला बोलले नाय."

सुमन, तूही असंच म्हणून गप्प राहिली होतीस! मग सांगून टाकलं. "स्तनाचा होता, वहिनी. काल मी खोटं बोललो."

मुग्धा आतून ऐकत होती. बाहेर येऊन तिनं वहिनींचा हात धरला. दोघी आत्ताच रिक्षानं दवाखान्यात गेल्या. सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात, असं जिन्यात त्यांना समजावत होती. माझ्याशी मात्र अजून अवाक्षर नाही. बरोबरच आहे तिचं.

रविवारी मंडळाच्या बायका पुन्हा जमणार आहेत. त्यांच्यासमोर उभा राहून मी खरं सांगेन. आवाज कापला तरी सांगेन, सुमन. तुला शब्द देतो.

तुझाच,
दिनकर