ऋणनिर्देशाचे पान

पनवेल,
ता. ८ एप्रिल १९६५

चि. दमयंतीस मामीचे पोटभर आशीर्वाद.

बळीराम पुण्याची एस.टी. घेऊन येतो आहे, त्याच्या हाती तुझा शोधनिबंध टाईप करून पाठवते. शेवटचा पेपर सुटल्यावरच पुडके दे, आधी नाही, असे त्याला बजावले आहे.

निबंध छान दिसतो आहे हो. 'मिठागरातील मुले आणि शाळा' हा मथळा पानाच्या बरोबर मध्यावर बसवला. डाव्या अंगाला दीड इंच समास सोडला आहे. शिवणीत अक्षरे गेली तर तुमच्या बाई निबंध परत पाठवतात, असे तू लिहिले होतेस. ओळींत दुप्पट अंतर, आणि तळटीपा ज्या त्या पानाच्या पायथ्याशी. एवढे शिकले मी. नाहीतर आधी नुसता कार्बन लावायची, तोही उलटा. तुझे मामा म्हणायचे, "अगो, ह्यो निबंध आरशात वाचायचा हाय का?"

अर्ध्यापासून पुढची पाने मी काढली आहेत. हातावरून ओळखशीलच. मामांचा पूर्णविराम म्हणजे कागदाला भोक. माझा हात हलका. हंगामातल्या गैरहजेरीच्या भागात एक पान आहे, त्याचा वरचा अर्धा भाग भोकांचा आणि खालचा बिनभोकांचा. मध्येच तो कागद यंत्रातून काढावा लागला. पुन्हा चढवला तेव्हा ओळ जुळेना, केसभर खाली गेली. नियमाने ते पान नवे काढायला हवे होते. कोरा कागद चढवलाही मी. मग उतरवून ठेवला. बाईंनी हरकत घेतलीच तर नवे पान तू काढ, आणि जुने मला परत पाठव.

इकडे ऊन फार आहे. मीठ चांगले पडते आहे म्हणतात. शेजारचे बुधाजीभाऊ रोज येऊन "जेवलात का" विचारतात. जेवते मी. कचेरीसमोरचे मामांचे टायपिंगचे टेबल त्यांनीच उचलून घरी आणले.

एक शब्द मात्र तुला न विचारता बदलला आहे. ऋणनिर्देशात तू 'श्री. काळूराम मामांनी आईमागे मला वाढवले' असे लिहिले होतेस. बाकी ओळ तशीच आहे. 'श्री.'च्या जागी 'कै.' घातले आहे. पान यंत्रात तसेच ठेवून मी भात केला, भांडी घासली, आणि मग येऊन ते अक्षर दाबले.

होळीच्या आदल्या दिवशी ते गैरहजेरीचे अर्ध्या भोकांचे पान टाईप करताना त्यांची मान खाली गेली. मला वाटले, अक्षर शोधताहेत.

बुधाजीभाऊ म्हणाले, "पोरीला तार करा, वहिनी. बापाच्या जागी हाय तो तिला." मी नको म्हटले. मामा सारखे म्हणत ना, "पेपर होईपर्यंत पोरीला कुणी हाक मारायची नाय." ते काही या गोष्टीसाठी म्हणत नव्हते, मला ठाऊक आहे. तरी मी तेच धरून बसले. तेरावाही झाला. तुला तोंड न दाखवता त्यांना नेले, ते मी. त्यांच्यावर रुसू नकोस.

रडू अजून आलेले नाही. पानांवर आकडे घालत बसले, नीट पडले सगळे.

असले पत्र कोपरा फाडून पाठवायचे असते, म्हणजे वाचणारा उंबऱ्याबाहेर वाचतो. मी फाडला नाही. फाडला असता तर पुडके सोडलेच नसतेस, आणि निबंध पोचायचा राहिला असता. आता आंघोळ कर, बाळ. मग पाने लावून घे, शिवायला टाक, वेळेत दे. त्यांचे तेवढे राहिले होते.

आणि मग घरी ये. आल्यावर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण ये.

दार लोटून बसलेली,
तुझी सोनामामी