काजलची बाटली

२६ जून २००१, मंगळवार
सुलोचनाची बाळंतपणाची रजा संपली. आजपासून तिची रोहण्याची शाळा, माझ्याकडे काजल. मी प्राध्यापकीच्या सेट परीक्षेचा अभ्यास करणार, पोर शेजारी झोपणार. बाटली, निपल, वाटी, चमचा यांची स्वच्छता पूर्णपणे माझी. बससाठी निघताना सुलोचना म्हणाली, बाटली बराबर उकळसान ना? एम.ए. झालेल्या नवऱ्याला हा प्रश्न.

२७ जून
पद्धत ठरवली. ब्रशने घासणे. पातेल्यात बुडवून खळखळ उकळणे. चिमट्याने काढणे, हात न लावणे. फडक्याने पुसायचं नाही, फडक्यात जंतू असतात. दूध भरल्यावर स्वतः एकदा चोखून पाहणे, पोरीचं तोंड भाजू नये म्हणून. आईलाही एवढं सुचत नाही.

३० जून
काम एकाग्रतेचं आहे. पाण्याला उकळी येईपर्यंत खर्रा लागतो. बापूरावच्या पानठेल्यावरचाच, तंबाखू, सुपारी, चुना तो मन लावून घोटतो. पुस्तक अजून उघडलं नाही. आता सोमवारपासून उघडेन.

४ जुलै
निपल पिवळट झालं, कडेने तांबूस. कंपन्या रबरात काय घालतात कोण जाणे. नवं आणलं. दुकानदार हिरालाल म्हणाला, अरे भाऊ, परवाच तर नेलं! पोरगी चावून राह्यली का? तिला अजून दात नाहीत. हे त्याला सांगितलं नाही.

८ जुलै, रविवार
काजलला जुलाब. सुलोचना रडकुंडीला आली. काऊन होऊन राह्यलं असं? तुम्ही उकळता नं? मी शांतपणे कारणं सांगितली. नळाचं पाणी. माश्या. शाळेतून तिच्याच साडीवर येणारी धूळ. आता दोनदा उकळतो. ताण वाढला, खर्राही वाढला. तात्पुरता.

११ जुलै
काजल दवाखान्यात. सलाइन. डोळे खोल गेलेत, रडण्याचा आवाज निघत नाही. डॉक्टरांनी विचारलं, बाटली कोण धुतं? मी पद्धत क्रमाने सांगितली. ते लिहून घेत होते. शेवटी चोखून पाहण्याचंही सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं. म्हणाले, तोंड उघडा. आजारी मी नव्हतो, तरी उघडलं. सुलोचना भिंतीकडे पाहत म्हणाली, समदं उकळलं, डॉक्टरसाहेब, एक थोबाड तेवढं राह्यलं. नर्स हसली. शिकलेल्या बाईला चारचौघांत बोलायचं भान नसावं?

१५ जुलै
काजल घरी. सुलोचनाने बाटली फेकून दिली. आता वाटी-चमचा, तेही उकळून. मी खर्रा बंद केला.

१६ जुलै
थंड डोक्याने विचार केला. दोष चोखण्यात होता, खर्ऱ्यात नव्हता. चोखणं बंद केलं आहे. तेव्हा खर्रा बंद ठेवण्याला शास्त्रीय आधार उरत नाही.

१९ जुलै
चमच्यातलं दूध गरम होतं. फुंकर मारून गार करत होतो. दोन-चार तांबूस शिंतोडे उडाले असतील. सुलोचना नेमकी दारात. शाळा लवकर सुटली होती. तिने काजलचे कपडे भरले, बिनपगारी रजेचा अर्ज लिहिला आणि संध्याकाळच्या गाडीने माहेरी, वडनेरला. चार दिवसांत राग जाईल. तोवर अभ्यास.

२९ जुलै, रविवार
काजलला आणायला वडनेरला गेलो. पोरगी भरली आहे. मला ओळखलं नाही. सासूबाईंनी सगळ्यांना स्टीलच्या कपात चहा दिला, मला कान तुटलेल्या कपात. म्हणाल्या, जवाईबापू, हा तुमचा, येगळाच ठेवला. मी भडकलो. म्हणालो, माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळा कप असायचा, बाहेरच्या कोनाड्यात. त्यांनी ते सोसलं. आणि आज धम्मदीक्षा घेतलेल्या घरात, आपल्याच माणसांत, मला वेगळा कप? चांगलं बोललो. चहाला हात लावला नाही. रागाच्या भरात खर्रा तोंडात टाकला.

सुलोचना काजलला चमच्याने पाजत होती. मान वर न करता म्हणाली, आजोबाइचा कप काई कारन नसतानी येगळा होता. तुमच्या कपाले कारन हाये.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण तोंड भरलेलं. आधी अंगणात जाऊन थुंकावं लागलं. परत येईपर्यंत तिने काजलला आत नेऊन दार लावून घेतलं होतं.