पूजेच्या दिवशी धुतलेला ठसा

१७ सप्टेंबर

आज विश्वकर्मा पूजा. मी दुर्गेचा मोठा लाकडी ठसा धुतला. फुटला!

माहेरी नवद्वीपला बाबा पितळेची भांडी घडवतात. पूजेला सगळी अवजारं चिंचेच्या पाण्यानं घासायची, उन्हात मांडायची, मग शेंदूर. मला वाटलं, इथंही तसंच. पिशीमा — सासऱ्यांची बहीण — सकाळीच ओरडल्या होत्या, "अवजारांना आंघोळ नको घालायला? की विश्वकर्म्याला पारोसाच बसवतेस?" कोरण्या धुतल्या. मग पेटीतला ठसा दिसला. किती वर्षांची शाई! म्हटलं, देवीच ती. न्हाऊ घालावी.

दुपारी बघते तर जोडांचा सरस सुटून चार तुकडे वेगळे. एक मधोमध तडकलेला. चेहऱ्यातूनच.

सासऱ्यांच्या आजोबांच्या हातचा होता. निवारण कर्मकार. पंचांगातली चित्रं लाकडावर कोरायचे. त्यांचे नऊच ठसे उरलेत. सोमवारी म्युझियमवाले न्यायला येणार. ह्यांनीच बोलावलंय. "इथं वाळवी खाईल, तिथं नाव तरी राहील." सासरे हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

तुकडे जुन्या साडीत बांधून पेटीत तळाशी ठेवले.

१८ सप्टेंबर

कुणाला सांगितलं नाही. टेंपीला पाजलं. भात केला. काही वाटत नाही.

१९ सप्टेंबर

पिशीमा म्हणाल्या, "काय गं बौमा, सूनबाई माझी, दगड गिळलास का?"

हे मला माहेरी पाठवतील. टेंपीला ठेवून घेतील? दात यायचेत अजून तिचे. हे लिहितेय, तर रडूही येत नाही. माशाच्या रश्श्यात मीठ दोनदा पडलं. सासऱ्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

२१ सप्टेंबर

म्युझियमच्या बाई आल्या. ह्यांनी पेटी उपसली. साडीची गाठ सोडली.

मीच म्हटलं — मी धुतला. पूजेला.

"पाण्यानं? लाकूड?" हे एवढंच बोलले. बाई होत्या ना समोर.

पिशीमा म्हणाल्या, "भांडीवाल्याची पोर! दिसलं की घासलं!"

बाईंनी तुकडे जुळवून पाहिले. "आम्हाला ठशांवरून पुन्हा छापायचंय. हा दाबाखाली टिकणार नाही. आठच नेते. हा घरी राहू दे."

सासऱ्यांनी सही केली. गाडी वळेपर्यंत गल्लीत उभे होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जेवले नाहीत. टेंपीला मांडीवर घेऊन बसले.

२२ सप्टेंबर

सकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी पदर सावरून उठले. म्हटलं, आता सांगतील, सामान बांध.

हळूच म्हणाले, "बौमा, सगळेच का नाही धुतलेस?"